शाळेच्या आवारातील पाणी, माती व झाडे

(केंद्रातील शिक्षकांच्या संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कन्हैयालाल मुनशी हे केंद्रीय मंत्री असताना १९५० साली त्यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून जुलै महिना आला म्हणजे खेडोपाडीच्या प्राथमिक शाळांत वृक्षारोपणाचा समारंभ होतो. सरपंच येतात, गावातील चार प्रतिष्ठित मंडळी येतात, नारळ फुटतो. रोप खड्ड्यात ठेवले जाते, मुले टाळ्या वाजवितात, छायाचित्र निघते आणि नोंदवहीत आकडा लिहिला जातो. पुढे पाऊस ओसरतो. दिवाळीच्या सुटीत शेळी येऊन शेंडा खाऊन जाते. मार्चमध्ये पाणी आटते आणि एप्रिलच्या अखेरीस त्या जागी एक वाळलेली काटकी तेवढी उभी राहते. उन्हाळी सुटीत तीही मोडून पडते. पुढील जुलैत पाहुणे पुन्हा येतात तेव्हा खड्डा आयताच तयार असतो.

हे चित्र प्रत्येक शाळेचे आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ते कोणाही शिक्षकास सर्वस्वी अपरिचित आहे, असेही म्हणता यावयाचे नाही. पाचव्या इयत्तेत बसलेल्या मुलाने पहिलीपासून एकाच खड्ड्यात पाच वेळा पाच रोपे लावलेली पाहिली असतील, तर या पाच वर्षांत त्याने काय शिकले, हा खरा प्रश्न आहे. वृक्षांचे महत्त्व त्याने पुस्तकातून पाठ केले आणि निबंधातही लिहिले. पण त्या खड्ड्यापाशी तो दुसराच एक धडा शिकला. मोठी माणसे समारंभात एक बोलतात आणि समारंभ संपल्यावर तिकडे फिरकत नाहीत, हा तो धडा होय. हा धडा कोणीही शब्दांनी शिकविलेला नाही, आणि म्हणूनच तो पक्का बसतो. हानी केवळ पाच रोपांची असती तर ती सहज भरून काढता आली असती. मुलाच्या मनातील विश्वासाची हानी भरून काढणे त्याहून पुष्कळ कठीण आहे.

यात शिक्षकास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. दोन शिक्षकांची शाळा, चार इयत्ता, भोजनाचा हिशेब, माहिती भरण्याची कामे, मध्येच येणारे निवडणुकीचे वा गणनेचे काम, आणि फेब्रुवारीनंतर गावालाच टँकरने पाणी, अशा स्थितीत रोप जगविणे हे सहज होणारे काम नव्हे. तथापि आवाक्यात आहे तेवढेच हाती घेऊन ते शेवटास नेता येते किंवा कसे, हे पाहावयास हरकत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे.

जुनाच विचार, नवे नाव

पर्यावरणपूरक शाळा, शाश्वत शाळा हे शब्द नवे असले, तरी त्यांतील अर्थ शेतकऱ्याच्या घरी जुना आहे. बियाणे म्हणून राखलेले धान्य दळून खाऊ नये, हे कोणाही कुणब्यास सांगावे लागत नाही. यंदाची गरज भागविताना पुढील सालाची सोय मोडू नये, एवढाच त्या मोठ्या शब्दाचा आशय आहे. शाळा पाणी, कागद, सरपण आणि वीज वापरते, आणि त्यांच्या बदल्यात सांडपाणी, कचरा व धूर बाहेर टाकते. या देण्याघेण्याचा हिशेब मांडणे आणि दरवर्षी तो थोडा सुधारणे, म्हणजेच शाळा पर्यावरणपूरक करणे होय.

आपल्याकडील शिक्षणविचारातही हे नवे नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात वाचन, लेखन व हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे पाठ असावेत, असे सुचविले होते. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमची योजना पुढे आली. हाताने केलेल्या उपयुक्त कामातून ज्ञान द्यावे, हे तिचे सूत्र. अलीकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने दिले जावे असा निर्देश दिला, आणि परिसर हा आज अभ्यासक्रमाचाच भाग आहे. पाठ्यपुस्तकातील परिसर आणि शाळेच्या खिडकीबाहेरचा परिसर यांची गाठ घालून देण्याचे काम मात्र कोणताही आदेश करू शकत नाही. ते गुरुजींनी व बाईंनीच करावयाचे आहे.

प्रथम पाण्याचा हिशेब

दुष्काळी पट्ट्यातील शाळेचा पहिला प्रश्न पाण्याचा. तो सोडविण्यापूर्वी मोजावा. मोजमापाला खर्च नाही आणि तो गणिताच्या तासातच होऊ शकतो.

एखादी तोटी ठिबकत असेल, तर तिच्याखाली एक पेला ठेवावा आणि तो किती वेळात भरतो हे मुलांनी घड्याळ लावून पाहावे. समजा, दोनशे मिलिलिटरचा पेला वीस मिनिटांत भरला. म्हणजे तासाला सहाशे मिलिलिटर, आणि दिवसरात्र मिळून १४.४ लिटर पाणी गेले. वर्षाचे ५,२५६ लिटर झाले. एवढ्या पाण्याने काय झाले असते, हे पुढे रोपांच्या हिशेबात दिसून येईल. तोटीचा वायसर बदलण्यास खर्च येतो तो थोडक्या रुपयांचा. पण तो बदलण्याची बुद्धी वर्षाचा आकडा फळ्यावर लिहिल्यावाचून होत नाही, हा अनुभव आहे.

दुसरा हिशेब छपराचा. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होते. शंभर सेंटिमीटर लांब, शंभर सेंटिमीटर रुंद आणि एक दशांश सेंटिमीटर उंच अशा पाण्याच्या थराचे घनफळ काढले, की एक हजार घनसेंटिमीटर हे उत्तर येते. वरच्या वर्गातील मुले हे स्वतः काढू शकतात. आता दीडशे चौरस मीटर छपराची एक शाळा घ्यावी आणि वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटर धरावा. छपरावर पडलेले पाणी ७५,००० लिटर झाले. वाफ, शिंतोडे व पहिल्या सरींचे सोडून दिलेले पाणी यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला, तरी ६०,००० लिटर उरतात. साठ मुलांच्या शाळेस पिण्यास व हात धुण्यास दर मुलामागे तीन लिटर धरले, तर दिवसाला १८० लिटर आणि शाळेच्या दोनशे दिवसांत ३६,००० लिटर लागतात. अर्थात, ज्या शाळेत पाण्यासाठी मुलींना हंडा घेऊन पाठवावे लागते, तिच्याच छपरावरून तिच्या वर्षभराच्या गरजेहून अधिक पाणी ओघळीने वाहून जाते.

एवढे सारे पाणी साठविण्याची टाकी बांधणे बहुतेक शाळांस परवडणार नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. पाच हजार लिटरची एक टाकी मिळाली, तरी वरील मापाने ती सत्तावीस दिवस पुरते. पाणी केवळ पिण्यासाठी राखले व मुलामागे दीड लिटर धरले, तर ती पंचावन्न दिवस, म्हणजे ऐन टंचाईचे जवळजवळ दोन महिने पुरते. उरलेले पाणी दगडगोटे, खडी व वाळू यांनी भरलेल्या शोषखड्ड्यात सोडून जमिनीत मुरवावे. आवारात हातपंप किंवा विहीर असेल तर त्याचा लाभ तिला होतो. मात्र विहिरीत वा विंधनविहिरीत गढूळ पाणी थेट सोडू नये, ते गाळूनच गेले पाहिजे.

येथे सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. छपरावर पक्ष्यांची विष्ठा, धूळ व पाने असतात. म्हणून पावसाळ्यापूर्वी छप्पर व पन्हळी झाडून घ्याव्यात, आरंभीच्या सरींचे पाणी बाहेर सोडावे, आणि नंतरचे पाणी गाळून टाकीत घ्यावे. पिण्यास वापरण्यापूर्वी त्याची तपासणी व निर्जंतुकीकरण झालेच पाहिजे. त्यासाठी आरोग्य उपकेंद्र व ग्रामपंचायत यांचे साहाय्य घ्यावे. छप्पर सिमेंटच्या जुन्या नालीदार पत्र्याचे असेल, तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. असे पाणी पिण्यास न घेता झाडांकडे वळवावे. टाकीचे झाकण घट्ट असावे, अन्यथा पाण्याबरोबर डासांचीही पैदास होते.

पाण्याचा ताळेबंद ही काही कागदी कल्पना नव्हे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावात १९९० नंतरच्या काळात डोंगरउतारावर समपातळी चर खणले गेले, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली गेली, आणि पर्जन्यमापकावरील पावसाचा आकडा पाहून गावाने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत पाडली. पाऊस कमी झाला तर अधिक पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत, शेतीसाठी विंधनविहीर खणावयाची नाही, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. जे एका गावास साधले, त्याचे लहान रूप एका शाळेस साधण्याजोगे आहे. सरळ उभ्या कडांचा एक डबा, एक मोजपट्टी आणि रोज सकाळी आठ वाजता नोंद करणारी दोन मुले एवढे साहित्य पर्जन्यमापनाच्या आरंभास पुरे आहे.

रोप का मरते

आता त्या खड्ड्याकडे वळू. रोप मरण्याची कारणे शोधली असता ती बहुधा पाचच निघतात. खड्डा समारंभाच्या दिवशीच घाईने उकरलेला असतो. रोप वीतभर उंचीचे व कोवळे असते. जनावरांपासून संरक्षण नसते. पाणी कोणी घालावे हे ठरलेले नसते. आणि शेवटचे पण सर्वांत मोठे कारण असे की, झाडाला उन्हाळी सुटी नसते.

या पाचही कारणांस उपाय आहेत. खड्डे एप्रिल-मे महिन्यांतच दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल असे घ्यावेत आणि उन्हात तापू द्यावेत. पहिला चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाली म्हणजे वरच्या थरातील माती व कुजलेले खत यांनी ते भरावेत. रोप शक्यतो वर्षाहून अधिक वयाचे व कंबरेइतके उंच घ्यावे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत आधीच सांगून ठेवल्यास तसे मिळू शकते. लोखंडी जाळी नसेल तर बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण करावे. शेळी जाळीइतकाच काट्यांचाही मान राखते.

झाडाची निवडही विचाराने व्हावी. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि नीलगिरी ऑस्ट्रेलियाची, म्हणून देशी झाडे लावा असे सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि चिंचही मूळची आफ्रिकेतील. पण शतकानुशतके येथे राहून ती पाखरांची, गुरांची, मुलांची व स्वयंपाकघराची झाली आहे. तेव्हा झाड त्या मातीत, त्या पावसात टिकते काय आणि किती जीवांच्या उपयोगी पडते, हीच खरी कसोटी होय. कमी पावसाच्या मुलखात कडुलिंब, करंज, चिंच, बोर, सीताफळ, आवळा, कोकणात आंबा, फणस, जांभूळ, रातांबा, आणि पूर्व विदर्भात मोह, बेल, आवळा अशी निवड शोभेल. वड, पिंपळ व उंबर हे पाखरांचे मोठे आश्रय. पण त्यांची मुळे भिंतीत शिरतात, म्हणून ते इमारतीपासून दूर, आवाराच्या कडेला लावावेत. शेवग्याची पाने व शेंगा भोजनास उत्तम. मात्र त्याची फांदी ठिसूळ असते, म्हणून तो खेळाच्या जागेत नसावा. वर्गाच्या पश्चिमेस दाट सावलीचे झाड वाढले, तर दुपारचे ऊन भिंतीवर पडत नाही. ही वर्गाची थंडाई विजेवाचून मिळते आणि जन्मभर टिकते.

किती झाडे लावावीत, याचे उत्तर पाण्याच्या हिशेबातून काढावे. एका रोपास आठवड्याला दहा लिटर पाणी धरले, तर नोव्हेंबरपासून जूनच्या मध्यापर्यंतच्या बत्तीस आठवड्यांत ३२० लिटर लागते. मघाच्या ठिबकणाऱ्या तोटीतून वर्षाला ५,२५६ लिटर गेले होते. त्या पाण्यात सोळा रोपे जगली असती. भोजनाच्या वेळी साठ मुलांनी हात व ताटे धुण्यास दर मुलामागे एक लिटर वापरले, तर आठवड्याच्या पाच दिवसांत तीनशे लिटर होते. हे तीस रोपांचे पाणी झाले. पूर्वी घरोघरी मोरीचे पाणी अळू, केळ आणि कर्दळ यांच्या वाफ्यात सोडीत असत, त्यात मोठे शहाणपण होते. शाळेनेही हात धुण्याच्या जागेखालून एक चर काढून ते पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून झाडांकडे न्यावे. खरकटे आधी काढून घ्यावे, आणि साबणाचे पाणी पालेभाजीच्या वाफ्यात न सोडता झाडांच्या आळ्यांतच सोडावे.

राहिला प्रश्न सुटीचा. सुटीत मुले नाहीत, भोजन नाही, म्हणून हात धुण्याचे पाणीही नाही. नेमक्या या सहा आठवड्यांत रोपाचे भवितव्य ठरते. यावर मडक्याचा जुना उपाय उपयोगी पडतो. रोपापासून हातभर अंतरावर दहा लिटरचे न रंगविलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे व वर झाकण ठेवावे. मडके पाझरत राहते आणि मुळांस ओल मिळते. वरून ओतलेल्या पाण्याची जशी वाफ होऊन जाते, तशी याची होत नाही. आठवड्यातून एकदा ते भरले की काम झाले. दहा रोपांस आठवड्याला शंभर लिटर, म्हणजे सुमारे सात बादल्या पाणी लागेल. शाळेजवळ राहणाऱ्या दहा मुलांनी व त्यांच्या घरच्यांनी एकेक रोप वाटून घेतले, तर हा भार कोणासच जड नाही. एप्रिलमधील शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ही वाटणी नावानिशी करून ठरावाच्या वहीत लिहावी. दहाच्या जागी शंभर रोपे असती, तर आठवड्यास सत्तर बादल्या लागल्या असत्या आणि त्या कोणीच घातल्या नसत्या. यावरून आवाक्याबाहेरचा आकडा हाच रोपाचा पहिला शत्रू आहे, हे ध्यानात यावे.

पालापाचोळा व खरकटे

पुष्कळ शाळांत सकाळी आवार झाडले जाते, पाने एका कोपऱ्यात लोटली जातात आणि पेटविली जातात. स्वच्छतेच्या सद्हेतूनेच हे होते. पण त्या धुरात मुले प्रार्थनेस उभी राहतात आणि मातीचे अन्न राख होऊन जाते. तीच पाने रोपांच्या आळ्यांत चार बोटे जाडीने पसरली, तर ओल टिकते आणि पाणी कमी लागते. उरलेली पाने खतास जावीत.

कंपोस्टाच्या इंदूर पद्धतीस सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संस्थेत रूप दिले. हिंदी शेतकऱ्याच्या रीतीपासून आपण शिकलो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायणराव पांढरीपांडे, अर्थात नाडेपकाका, यांनी भिंतीत हवेसाठी झरोके ठेवलेल्या विटांच्या टाक्याची पद्धत प्रचारात आणली. पालापाचोळा, थोडे शेण, थोडी माती यांचे थर देऊन व पाणी शिंपडून टाके लिंपून घेतले, की तीन-चार महिन्यांत खत तयार होते. शाळेस याची लहान आवृत्ती पुरे आहे. भाजीची देठे, साली व शिळे न झालेले उरलेले अन्न त्यात जाऊ शकते. तेलकट, मसालेदार खरकटे फार झाल्यास दुर्गंधी येते व उंदीर येतात, म्हणून ते बेताने व मातीखाली झाकून घालावे. मुळात ताटात टाकलेच जाणार नाही इतके वाढणे, हा त्याहून चांगला उपाय.

शाळेतील भोजनाची केंद्रीय योजना १९९५ साली सुरू झाली आणि २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण या नावाने चालते. तयार झालेले खत परसबागेत गेले, परसबागेतील मेथी, पालक, दोडका, शेवगा त्याच भोजनात आला आणि त्याची देठे पुन्हा खतात गेली, म्हणजे मुलांच्या डोळ्यांपुढे एक वर्तुळ पूर्ण होते. निसर्गचक्राची आकृती फळ्यावर काढून जे समजत नाही, ते येथे समजते.

जे कुजत नाही, त्याचा विचार निराळा करावा लागतो. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलची ताटे इत्यादींवर बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. शाळेपुरते बोलावयाचे तर राष्ट्रीय सणांचा खाऊ वेष्टनातील न देता शेंगदाणे, गूळ, केळी असा द्यावा. साचलेले प्लास्टिक चुलीत वा कचऱ्यात कधीही जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. ते कोरडे व निराळे ठेवून ग्रामपंचायतीच्या संकलनास द्यावे. एका बाजूस कोरा असलेला कागद चाचणीस वापरावा आणि सुस्थितीतील पुस्तके पुढील इयत्तेस द्यावीत. वर्ग सोडताना दिवा व पंखा बंद करण्याचे काम आठवड्याच्या प्रमुखाकडे असावे.

काम कोणी करावयाचे

या सर्व कामांत एक धोका आहे, त्याचा स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. झाडू मुलींच्या हाती आणि फावडे मुलांच्या हाती, अशी वाटणी नकळत होऊन जाते. काही ठिकाणी तर स्वच्छतागृहाचे काम कोणाच्या वाट्यास यावे, हे मुलाच्या आडनावावरून ठरते. असे घडत असेल तर ती शाळा कितीही हिरवी दिसो, ती आतून वाळलेलीच आहे. काम पाळीपाळीने सर्वांस यावे, हजेरीपटाच्या क्रमाने यावे आणि त्या पाळीत गुरुजींचे व बाईंचेही नाव असावे. स्वच्छतागृहाची घासण्याची सफाई हे मुलांचे काम नव्हे, त्याची व्यवस्था समितीने करावी. १९५६ साली दिवंगत झालेले गाडगे महाराज गावात शिरताच प्रथम स्वतः झाडू हाती घेत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. हा क्रम शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

तसेच हे काम अभ्यासाच्या वेळात घुसखोरी करणारे नसावे, ते अभ्यासच व्हावे. पावसाची नोंद म्हणजे आलेख, छपराचे मापन म्हणजे क्षेत्रफळ, पेल्यातील ठिबक म्हणजे गुणाकार. झाडाखाली व पत्र्याखाली ठेवलेल्या तापमापकांचा फरक म्हणजे विज्ञान, आणि आजोबांना विचारून लिहून आणलेली १९७२ च्या दुष्काळाची हकिकत म्हणजे भाषा व इतिहास दोन्ही. अशी सवय घेऊन जी मुले पुढे हायस्कुलात जातील, ती तेथील आवाराकडेही याच दृष्टीने पाहतील.

खरी नोंद

शेवटी एक गोष्ट नोंदवहीविषयी. झाडांच्या नोंदवहीत लावलेल्या रोपांचा रकाना असतो, पण जगलेल्या रोपांचा रकाना क्वचितच दिसतो. शाळेने आपली एक साधी वही घालावी. तीत झाडाचे नाव, लागवडीची तारीख, पालक-मुलाचे नाव, आणि ऑक्टोबर, फेब्रुवारी व जून अशा तीन वेळांची स्थिती लिहावी. रोप मेले असल्यास तसे लिहावे आणि पुढे कारणही लिहावे. मेलेल्या रोपाची नोंद ही शाळेची नामुष्की नव्हे, ती लपविणे ही नामुष्की होय. ज्यांनी शाळा तपासावयाच्या, त्यांनीही लावलेल्या शंभरांपेक्षा जगलेल्या दहांस अधिक गुण द्यावेत. दहा रोपे लावून सात जगविणारी शाळा दहा वर्षांत सत्तर झाडांची सावली उभी करते. शंभर लावून एकही न जगविणारी शाळा दहा वर्षांनंतरही तोच खड्डा उकरीत असते.

आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारील. उन्हाळी सुटी लागण्यापूर्वी एका सकाळी सर्व मुलांस घेऊन त्या जुन्या खड्ड्यापाशी जावे. येथे इतकी रोपे लावली, त्यांतील एकही जगले नाही, असे शिक्षकाने मोकळेपणाने सांगावे आणि का जगले नाही हे मुलांनाच विचारावे. शेळीचे नाव निघेल, पाण्याचे निघेल, सुटीचे निघेल. एखादे धीट मूल मोठ्या माणसांचेही नाव घेईल, आणि त्या वेळी त्याला गप्प करू नये. ती सारी कारणे फळ्यावर लिहावीत. वर सांगितलेल्या पाच कारणांहून ती फारशी निराळी असणार नाहीत. पण ती मुलांनी शोधलेली असतील, आणि म्हणून त्यांवरचे उपायही मुले मनापासून करतील. मग तोच खड्डा नीट दोन फूट खोल करावा, उन्हात तापू द्यावा आणि पावसाची वाट पाहावी. यंदाचे रोप त्यात जगले, तर पुन्हा तेथे खड्डा घेण्याची वेळ येणार नाही.